जांभळ्या दगडांचे आबा

आमच्या ऑफिसात कोणाची रबरी चप्पल तुटली तर ती फेकायची नाही, आबांना द्यायची, असा नियम होता. नियम कुठं लिहिलेला नव्हता, पण शिपायापासून साहेबांपर्यंत सगळे तो पाळत. अंगठा तुटला, टाच झिजली, की दुसऱ्या दिवशी ती जोडी वर्तमानपत्रात गुंडाळून आबांच्या टेबलावर यायची. आबा पुडकं सोडायचे, चप्पल उलटी करायचे, टाचेकडचं रबर अंगठ्यानं दाबून बघायचे आणि म्हणायचे, "बरी आहे. मऊ आहे अजून." मी नवीन रुजू झाले तेव्हा पहिल्याच आठवड्यात हा प्रकार पाहिला आणि मनाशी ठरवून टाकलं, की हा गृहस्थ कंजूष तरी असणार नाहीतर डोक्यानं थोडा सरकलेला. कंजूष ते अजिबात नव्हते. दुसऱ्या बाबतीत मी अजूनही खात्रीनं काही सांगू शकत नाही.

ऑफिस धुळ्यातलं, सरकारी. कालव्यांचे आणि पाटांचे नकाशे तिथं तयार व्हायचे. आबा अनुरेखक होते. पेन्सिलीनं काढलेला नकाशा खाली ठेवायचा, वर पारदर्शक कापड ताणायचं आणि शाईनं रेघ न रेघ उतरवायची, हे त्यांचं काम. मी मराठी टंकलेखक. माझं टेबल त्यांच्या टेबलाला काटकोनात होतं, त्यामुळं सहा वर्षं मी त्यांचा उजवा हात बघत काढली. तो हात कधी थरथरला नाही. पंखा बंद, घामाची धार कोपरापर्यंत आलेली, तरी शाईचा एक ठिपका सांडायचा नाही. फक्त नखांत कायम राखाडी गाळ असायचा. एवढा टापटिपीचा माणूस, इस्त्रीचा शर्ट, खिशाला पेन, आणि नखं गवंड्याची, हे कोडं मला बरेच दिवस सुटलं नव्हतं.

पन्नाशी पुरी व्हायच्या आतच केस पांढरे झाले होते, म्हणून सगळे त्यांना आबा म्हणत. सकाळी आत आले की प्रत्येक टेबलाशी थांबून "जयभीम" म्हणायचे. काहीजण "जयभीम" म्हणत, काही "नमस्कार" म्हणत, आणि दोघंतिघं फायलीत बघत. आबा त्या दोघातिघांपाशी थोडं जास्त वेळ थांबायचे. रागानं नाही. उत्तर येईल म्हणून वाट बघत असल्यासारखे उभे राहायचे आणि मग पुढं जायचे.

त्यांचा छंद म्हणजे दगड. तेही कुठले नव्हेत, जांभळे. आपल्या खानदेशात विहीर खोदताना काळा दगड सुरुंगानं फोडावा लागतो. त्या काळ्या दगडाच्या पोटात कधीकधी पोकळी निघते आणि पोकळीच्या आत चारी बाजूंनी खडीसाखरेसारखे खडे चिकटलेले असतात. बहुतेक पांढरे, क्वचित जांभळे. शेतकऱ्याला पाणी हवं असतं, त्याला त्या खड्यांचं काय? सगळा माल विहिरीच्या काठावर ढिगात पडतो आणि बांधाला जातो. आबा दर रविवारी सायकलला पोतं बांधून निघायचे. कुठं नवीन विहीर चालू आहे ही बातमी त्यांना कुठून मिळायची कोण जाणे. शेताच्या मालकाला विचारायचे, परवानगी मिळाली की ढिगापाशी उकिडवे बसायचे आणि संध्याकाळपर्यंत एकेक ढेकूळ हातोडीनं उघडून बघायचे. वीस-पंचवीस मैलांवरून कधी मूठभर दगड आणायचे, कधी नुसतीच उन्हानं काळी पडलेली मान.

देवपुरात त्यांचं दोन खोल्यांचं घर होतं. मीही तिथूनच दोन गल्ल्या पलीकडं एका खोलीत भाड्यानं राहायचे, त्यामुळं त्यांच्याकडं जाणंयेणं झालं. ओट्यावर त्यांचं यंत्र होतं. रंगाचा मोठा डबा, आतून ट्रकच्या ट्यूबचं रबर चिकटवलेलं, झाकणाला सायकलच्या ट्यूबच्या पट्ट्या आवळलेल्या. कापसाच्या जिनिंग मिलच्या भंगारातून आणलेल्या दोन लोखंडी दांड्यांवर हा डबा आडवा झोपलेला, आणि खाली एक मोटर. मोटर चालू केली की दांड्या फिरायच्या, दांड्यांवर डबा फिरायचा, डब्यात पाणी, भुकटी आणि दगड एकमेकांवर गडगडत राहायचे. आठवडाभर, रात्रंदिवस. मग झाकण उघडायचं, दगड धुवायचे, भुकटी बदलायची आणि पुन्हा आठवडा. पहिली भुकटी साखरेसारखी जाड, दुसरी रव्यासारखी, तिसरी पिठासारखी, आणि चौथी चष्म्याच्या काचा घासायची गुलाबी. असा महिना गेला की त्या ओबडधोबड खड्याच्या आत बघता यायचं. चपलांचे तुकडे शेवटच्या दोन आठवड्यांत पडायचे. मी विचारलं तेव्हा आबा म्हणाले, "दगडालाही दगडाचा मार लागतो, ताई. मध्ये कोणीतरी मऊ असावं लागतं."

असं काही बोलून झालं की ते लगेच कामाला लागायचे. आपण काही विशेष बोललो असं त्यांच्या चेहऱ्यावर कधी दिसायचं नाही. त्यांचं दुसरं एक बोलणं ऑफिसात सगळ्यांच्या तोंडी बसलं होतं. डब्यातून काढलेला दगड ओला असताना कितीही कच्चा असला तरी चमकतो. वाळला की खरं काय ते कळतं. त्यामुळं आबा ओला दगड बघून कधीच मत द्यायचे नाहीत, फडक्यावर ठेवून तासभर दुसरं काम करायचे. नवीन साहेब आले आणि पहिल्याच दिवशी गोड बोलले, तर कोणीतरी आबांना विचारायचं, कसे वाटतात? आबा रेघ ओढता ओढता म्हणायचे, "अजून ओले आहेत." त्यांचा हा शेरा माझ्याबद्दलही सहा महिने चालू होता असं मला नंतर कळलं, आणि मला त्याचा चांगलाच राग आला होता.

त्यांच्या बायकोला आम्ही अक्का म्हणायचो. अक्कांनी या दगडांपायी जे सोसलं त्याला तोड नाही. एका मे महिन्यात डब्याची मोटर जळाली. डबा तिसऱ्या आठवड्यात होता. मध्येच थांबवला तर गाळ तळाशी बसून घट्ट होतो, दगड त्यात रुततात. आबांनी घरातल्या कूलरची मोटर काढली आणि डब्याला जोडली. धुळ्याचा मे महिना ज्यांनी काढला आहे त्यांना मी जास्त काही सांगायला नको. मी गेले तेव्हा अक्का दारात बसून पुठ्ठ्यानं वारा घेत होत्या. मला म्हणाल्या, "देख माय, बठ्ठा वारा दगडसले, आनि मन्हा हातमा पुठ्ठा शे." आतून आबा म्हणाले, "आठच दिवस." अक्का म्हणाल्या, "मांगला सालबी आठच दिन व्हतात." तरी दुपारी वीज गेली की डबा हातानं फिरवायला अक्काच बसायच्या, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे.

गल्लीतले लोक मात्र एकदा खरोखर चिडले होते. सुरुवातीच्या काळात आबा दगड धुतलेलं पाणी सरळ गटारात ओतायचे. दगडाची भुकटी ती, तळाशी बसली आणि सिमेंटसारखी आवळली. पावसाळ्यात अख्ख्या गल्लीचं पाणी ओट्यांवर चढलं. लोक भांडायला आले तेव्हा आबा छिन्नी-हातोडी घेऊन गटारातच उतरलेले होते. तीन दिवस रजा काढून त्यांनी ते गटार वीतभर, वीतभर फोडून मोकळं केलं. कोणाला हात लावू दिला नाही. एकजण म्हणाला, आबा, नगरपालिकेला सांगू. आबा म्हणाले, "घाण माझी आहे." लहानपणी आपल्या आईबापांनी दुसऱ्यांची गटारं उपसलेली ज्या माणसानं पाहिली आहेत, त्याला हे वाक्य म्हणताना काय वाटलं असेल याचा विचार मी तेव्हा केला नाही. आता करते.

तयार झालेले दगड ते विकत नसत. जळगावचा एक सराफ दोनदा घरी येऊन गेला, तो तसाच परत गेला. आबा दगड देऊन टाकायचे. कोणाचं लग्न, कोणाची बदली, कोणाच्या घरी बाळ. काड्यापेटीत कापूस घालून त्यात दगड ठेवायचा, आणि देताना एकच अट. अंगठीत घालायचा नाही. गळ्यात नाही, दंडाला नाही. टेबलावर ठेवा, मुलांना खेळायला द्या, हातात घेऊन उजेडाकडं बघा, पण अंगावर बांधायचा नाही. कारण जांभळा खडा शनीचा मानतात. ज्याला नीलम परवडत नाही त्याला ज्योतिषी हा सांगतो. आबांना याचा भयंकर तिटकारा होता. एकदा हेडक्लार्कनं मुलाच्या साडेसातीसाठी खडा मागितला तेव्हा आबांचा आवाज मी पहिल्यांदा चढलेला ऐकला. "आमच्या बापांनी घरातनं सगळे ग्रह बाहेर काढले, साहेब. पोटाला चिमटा काढून आम्हाला शिकवलं. आणि मी माझ्या हातानं घासलेला शनी तुमच्या पोराच्या बोटात घालू?" हेडक्लार्क पुढं दोन महिने त्यांच्याशी बोलला नाही.

आबा आता नाहीत. निवृत्तीनंतर मुलाकडं नाशिकला गेले आणि तिथंच वारले. मला पंधरा दिवसांनी कळलं. पुढं अक्का भेटल्या तेव्हा त्यांनी एक डबा माझ्यासमोर उघडला. त्यात चाळीसेक दगड होते, एकाहून एक. ऑफिसातले जुने लोक अजून भेटले की म्हणतात, आबांकडं एक कबुतराच्या अंड्याएवढा जांभळा दगड होता, तो कुठं गेला? तो त्या डब्यात नव्हता. तो कुठं गेला ते मला माहीत आहे. आजपर्यंत मी ते कोणाला सांगितलं नाही, कारण सांगायचं तर आधी माझा खोटेपणा सांगावा लागतो.

माझं माहेर जळगावजवळचं असोदा. घरी केळीची बागाईत. माझे वडील, आम्ही त्यांना नाना म्हणायचो, त्यांना त्या वर्षी पौष महिन्यात झटका आला. तोंड थोडं वाकडं झालं, डावा हात लुळा पडला. जळगावच्या डॉक्टरांनी वाचवलं आणि बजावून सांगितलं, की रक्तदाबाची गोळी आता जन्मभर. एक दिवस चुकवायची नाही. दुसरा झटका आला तर आमच्या हातात काही राहणार नाही. नाना गोळ्या घेत होते, हात हळूहळू हलायला लागला होता. तेवढ्यात एका ज्योतिष्यानं पत्रिका बघून शनीचा जांभळा खडा सांगितला. आईनं मला निरोप धाडला, की तुझ्या ऑफिसातला तो माणूस असे खडे करतो ना, त्याच्याकडून एक आण.

मी आणला. आबांना म्हटलं, टेबलावर ठेवायला एक दगड द्या, टंकलेखनाचे कागद उडतात. एवढी सरळ थाप मी आयुष्यात मारली नव्हती. आबांना आनंद झाला. मी स्वतःहून कधी मागितला नव्हता. दोन दिवस त्यांनी निवडण्यात घालवले आणि काड्यापेटी माझ्या हातात ठेवताना म्हणाले, "हा चांगला आहे. माझ्या मोठ्या दगडाचा भाऊ आहे हा. एकाच ढेकळातून दोघं निघाले." मी आठवडाभरात तो असोद्याला पोचवला. चांदीत बसवून शनिवारी नानांच्या मधल्या बोटात गेला.

चैत्रात मी घरी गेले तर अंगठीतला खडा जांभळा नव्हता. पिवळट, गढूळ, पातळ चहासारखा. आई हात जोडून सांगायला लागली, की बघ, खड्यानं पीडा ओढून घेतली. रंगच गेला त्याचा. ज्योतिष्यानंही पाहून मान डोलावली होती. नानांचा चेहरा कितीतरी दिवसांनी उजळलेला दिसला. मग मी देवघरात दिवा लावायला गेले तर तसबिरीच्या मागं गोळ्यांची पाकिटं तशीच. आईला विचारलं. आई म्हणाली, "पीडाच गेली तं गोयी कसाले? अठरा दिवस झाले, काही व्हत नही त्यायले."

मी नानांशी बोलले, रडले, भांडले. नाना माझं ऐकणारे नव्हतेच. ते गावातले मोठे, चार लोक त्यांच्याकडं सल्ल्याला येणारे, आणि मी पोरगी. डॉक्टरांची धास्ती दाखवली तर म्हणाले, "डाक्टरले दुकान चालवनं आहे."

धुळ्याला परत आले आणि आबांच्या टेबलाशी उभी राहून सगळं सांगून टाकलं. थाप, अंगठी, सगळं. मला वाटलं आता माझी धिंड निघणार. आबांनी पेन शाईच्या बाटलीत ठेवलं आणि विचारलं, "अंगठी कुठं जोडायला दिली होती का?" दिली होती. खडा हलत होता म्हणून बाजारातल्या सोनाराकडून कोंदण आवळून, जोड देऊन आणलं होतं. "खडा काढून जोड दिला की खड्यासकट?" ते मला कसं माहीत असणार? आबा म्हणाले, "खड्यासकटच. फुंकणीची आच लागली. हा दगड तापला की जांभळा राहत नाही, पिवळा पडतो. पीडाबिडा काही नाही." मग म्हणाले, "अठरा दिवस म्हणालात ना? उद्या रजा टाका. मीही टाकतो."

अंगठीबद्दल ते तेव्हा काही बोलले नाहीत आणि पुढंही कधी बोलले नाहीत. दोन शब्द ऐकवले असते तर मला बरं वाटलं असतं.

पहाटेच्या एसटीनं आम्ही निघालो. आबांच्या खांद्याला पाण्याची बाटली, हातात एक पिशवी. पिशवीत जेवणाचा डबा होता आणि काड्यापेटीपेक्षा मोठा, पुठ्ठ्याचा एक खोका होता. त्या खोक्यात काय आहे ते मी पारोळ्याच्या पुढं गेल्यावर विचारलं. त्यांनी उघडून दाखवला. मोठा दगड. मी म्हटलं, "आबा, हा कशाला? एखादा साधा घ्यायचा होता." आबा खिडकीबाहेर बघत म्हणाले, "साधा घेतला तर तुमचे वडील म्हणतील, तो दगड वेगळा, हा वेगळा. हा त्याच ढेकळाचा आहे. यावर बोलायला जागा नाही." हा दगड त्यांनी एकदा नव्हे, चार वेळा पहिल्या भुकटीपासून शेवटच्या भुकटीपर्यंत नेला होता, एवढं मला माहीत होतं.

नाना अंगणात बाजेवर बसले होते. मी म्हटलं, हे आमच्या ऑफिसातले आबा. खडा यांनीच दिला होता. नाना खूश झाले. बाजूला सरकले, म्हणाले, "या, या, भाऊ. कोन्त्या गावचे तुमी?" आबांनी गाव सांगितलं. नाव सांगितलं, आडनाव सांगितलं. नाना "हां" म्हणाले आणि आपल्या पावलांकडं बघायला लागले. आई पाण्याचा तांब्या घेऊन उंबऱ्यापर्यंत आली होती, ती तिथूनच आत वळली. आबा बाजेवर बसले नाहीत. अंगणातल्या दगडी पायरीवर बसले, खांद्याची बाटली काढली आणि आपलं पाणी प्यायले. तीन तासांचा प्रवास करून आलेला माणूस. धरणीनं पोटात घ्यावं असं मला झालं, पण मी तोंड उघडलं नाही. तेव्हा उघडलं नाही म्हणून आज लिहिते आहे.

आबांनी मला हळूच सांगितलं, "एक शेगडी, एक जुनी लोखंडी पळी आणि मूठभर वाळू लागेल." मी आत गेले तर आई दबक्या आवाजात म्हणाली, "आपली शेगडी?" मी काही न बोलता उचलली. बाहेर आले तर आबाच म्हणाले, "इथं अंगणात, कडेला मांडा, ताई." जणू त्यांना आतलं बोलणं ऐकू गेलं होतं. गेलंही असेल.

त्यांनी खोका उघडला आणि दगड नानांच्या उजव्या हातावर ठेवला. नानांनी तो उन्हात धरला. मी माझ्या वडिलांना दागिन्याकडं, कापडाकडं, कशाकडंही असं बघताना पाहिलं नव्हतं. "आरे बापा," म्हणाले. आबा म्हणाले, "नीट बघून घ्या. आत काही खूण दिसते?" नानांनी डोळा बारीक केला. "एक पांढरा दोरा दिसतो. आडवा." आबा म्हणाले, "तो लक्षात ठेवा. तुमच्या अंगठीतला खडा आणि हा, दोघं एकाच दगडातून निघाले. आता याला मी आच देणार आहे. बाकी काही करणार नाही. मंत्र नाही, तंत्र नाही. तुमच्या डोळ्यांसमोर."

पळीत वाळू, वाळूत दगड पुरलेला, वर पुन्हा वाळू. शेगडीतले कोळसे आबांनी पुठ्ठ्यानं फुलवले. तास, दीड तास. दोघं बोलत बसले, एक बाजेवर, एक पायरीवर. केळीच्या खोडाबद्दल बोलले, विहिरीला किती हातांवर दगड लागला ते बोलले. आमची विहीर कोणी फोडली, सुरुंग कोणी लावले, हे आबांना नानांपेक्षा जास्त माहीत निघालं. आबांचा मामा त्या टोळीत होता. मग पळी उतरवली. नाना म्हणाले, काढा. आबा म्हणाले, "नाही. एकदम काढला तर तडकेल. सावकाश निवू द्या." पुन्हा तासभर. ऊन डोक्यावर आलं. आबांच्या बाटलीतलं पाणी केव्हाच संपलं होतं. मी ते पाहत होते आणि उठत नव्हते, कारण मी पाणी आणायला उठले असते तर आईनं कुठल्या भांड्यात दिलं असतं हे मला ठाऊक होतं.

शेवटी आबांनी पळी बाजेवर ठेवली आणि म्हणाले, "तुम्ही काढा." नानांनी उजव्या हातानं वाळू बाजूला केली. दगड निघाला. पिवळट. गढूळ. नानांनी तो धोतरानं पुसला, उन्हात धरला, फिरवला. पांढरा दोरा आत होता. त्यांनी दगड अंगठीशेजारी नेला. दोन्ही एकच.

"याला तर कोणाची पीडा नव्हती," आबा म्हणाले. "शेगडीवर होता. सोनारानं तुमच्या खड्याला आच दिली, तेवढंच झालं. तुमचं दुखणं गेलेलं नाही. ते अजून अंगात आहे."

आबा हे बोलताना दगडाकडं बघत नव्हते. मी बघत होते. मला रडू येत होतं आणि ते नानांसाठी येतंय की त्या दगडासाठी, ते मला कळत नव्हतं.

नाना म्हणाले, "परत व्हईन का जांभया?"

"नाही."

"कव्हाच नही?"

"नाही."

"मंग इतका चांगला दगड कसाले नासवला, भाऊ?"

"तुम्ही गोळी घेत नव्हता ना," आबा म्हणाले.

नानांनी दगड बाजेवर ठेवला. वर बघितलं नाही. मोठ्यानं हाक मारली, "गोयी आन वं." आई धावत गोळ्यांचं पाकीट आणि पाण्यानं भरलेला पेला घेऊन आली. नानांनी गोळी फोडून हातावर घेतली. आईनं पेला पुढं केला. नानांनी तो घेतला नाही.

"पह्यले त्यायले दे."

आई पेला धरून तशीच उभी राहिली.

"उभी काय? मानूस सकायपासून उन्हात बसेल आहे. दे."

आईनं पेला दिला. आबा उठून उभे राहिले, दोन्ही हातांनी तो घेतला, ओठांपासून वर धरला आणि पाण्याची धार तोंडात सोडली. काठाला ओठ लागू दिला नाही. कोणी सांगितलं नव्हतं. अर्धं पाणी ठेवून त्यांनी पेला बाजेपासून थोडा लांब, जमिनीवर ठेवला.

आई दुसरा पेला आणायला वळली. नाना म्हणाले, "राहू दे." आजारी बाजूनं वाकून, उजवा हात लांब करून त्यांनी तो जमिनीवरचा पेला उचलला, गोळी जिभेवर ठेवली आणि पेल्याला तोंड लावून उरलेलं सगळं पाणी पिऊन टाकलं.